नापासांची वही आणि अभिजातांची यादी

१

मराठी कादंबरीचे वय आणि तिच्याविषयीच्या निराशेचे वय यांत फारसे अंतर नाही. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ लिहिला आणि तत्कालीन ‘नावलां’तील अद्भुताच्या अतिरेकाला व प्रत्यक्ष जगण्याशी त्यांच्या तुटलेल्या संबंधाला आक्षेप घेतला. पुढे १९०२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात युरोपीय कादंबरीचा पट समोर ठेवून मराठी कादंबरी कोठे उणी पडते ह्याची झाडाझडती घेतली. हे दोन्ही निबंध आज मराठी समीक्षेच्या इतिहासाचा भाग झाले आहेत आणि त्या नात्याने ते अभ्यासले जातात. परंतु त्यांच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती समीक्षेच्या आधीची आहे. कोणी एक वाचक पुस्तक मिटतो, त्याच्या हाती काही लागलेले नसते, आणि ते तो दुसऱ्याला सांगू पाहतो.

मराठे आणि राजवाडे ह्यांची निराशा छापली गेली म्हणून टिकली. सामान्य वाचकाची निराशा मात्र बोलली जाते आणि विरते. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीपाशी, एस. टी. च्या थांब्यावर, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या बाकावर तिचा उच्चार होतो. आणि बहुधा त्याच श्वासात दुसऱ्या एखाद्या जुन्या लेखकाचे नाव घेतले जाते. ‘हे सोडा, हरिभाऊ वाचा.’ निराशा आणि शिफारस यांची ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे, की दुसऱ्या वाक्याने पहिल्या वाक्याचे नेमके काय होते, ह्याकडे लक्ष जात नाही. पहिल्याला उत्तर मिळते, की ते केवळ झाकले जाते? हा प्रश्न वाङ्मयेतिहासाचा आहे, तसा तो साध्या प्रामाणिकपणाचाही आहे; आणि जेथे तो अगदी उघडपणे उभा राहिला ते ठिकाण विद्यापीठाच्या आवाराबाहेरचे आहे.

२

पुण्याच्या वायव्येस पवनेच्या काठी वसलेल्या पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी, भोसरी ह्या गावांचे औद्योगिक नगर होण्यास फार काळ लागला नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर ह्या परिसराला वाहन-उद्योगाचे रूप आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. नव्या शतकात हे केंद्र इंद्रायणी ओलांडून उत्तरेला, चाकणकडे सरकले. ज्या चाकणची ओळख भुईकोट किल्ल्याने आणि कांद्याच्या बाजाराने होती, तेथे आता पाळी सुटण्याच्या वेळी तळेगाव चौकात बसगाड्यांच्या रांगा लागतात. ह्या पट्ट्यात आलेली माणसे कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून, नंतर उत्तर प्रदेश-बिहारमधून आली. येताना त्यांनी आयटीआयचे प्रमाणपत्र आणले, बोली आणली, आणि काहींनी वाचनाची सवय आणली.

ह्यांतल्याच काही वाचकांची निगडी प्राधिकरणातील एका उद्यानात रविवारी सकाळी बैठक भरत असे. तिला नाव नव्हते, अध्यक्ष नव्हता, इतिवृत्त नव्हते. येणारी माणसे पाच-सहा. त्यांत एका कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक होते. कामगार रुग्णालयात आयुष्य घालवलेल्या एक परिचारिका होत्या. आणि एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षे काम करून बाहेर पडलेले, सत्तरी ओलांडलेले एक कारागीर होते. सर्वांत अलीकडे येऊ लागला होता तो चाकणला ठेकेदाराकडून लागलेला अमरावतीकडचा एक तरुण. पाळी आड येत नसे तेव्हा तो येई, बाकाच्या कडेला बसे, आणि ज्येष्ठांना ‘सर’, ‘मावशी’, ‘काका’ अशा हाका मारी.

बैठकीचा एकच नियम होता, आणि तो कोणी केला हे कोणालाच आठवत नव्हते. जो एखाद्या कादंबरीला नावे ठेवील, त्याने तेथल्या तेथे तिच्याऐवजी वाचण्याजोगे दुसरे पुस्तक सुचवले पाहिजे. नियम शहाणपणाचा वाटतो. त्यामुळे निंदा निव्वळ निंदा राहत नाही, तिला काही देणे भाग पडते. शिक्षक बहुधा ‘पण लक्षात कोण घेतो?’ आणि विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ (१९३९) सुचवीत. परिचारिकाबाई विभावरी शिरूरकरांच्या ‘बळी’चे (१९५०) नाव घेत, तारेच्या कुंपणात ठेवलेल्या माणसांचे ते जग त्यांना रुग्णालयातल्या काही कक्षांची आठवण करून देई. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’विषयी (१९५५) सर्वांचे एकमत होते. टूलरूममधले काका गॉर्कीची ‘आई’, प्रेमचंदांचे ‘गोदान’ (१९३६), मामा वरेरकरांचा ‘धावता धोटा’ (१९३३) आणि भाऊ पाध्यांचा ‘डोंबाऱ्याचा खेळ’ (१९६०) अशी नावे घेत. ‘कोसला’वर (१९६३) वर्षातून दोनदा तरी वाद होई.

एका रविवारी चर्चा निघाली ती बऱ्याच आवृत्त्या निघालेल्या, औद्योगिक वसाहतीच्या पार्श्वभूमीवरील एका अलीकडच्या कादंबरीची. शिक्षकांना तिची भाषा सैल वाटली. परिचारिकाबाईंना तिच्यातल्या बायका केवळ वाट पाहण्यासाठी जन्मल्यासारख्या वाटल्या. तरुणाचा आक्षेप निराळा होता. तो म्हणाला, ‘‘काका, ह्यात दर दहा पानांनी भोंगा वाजतो आणि धुराडं धूर ओकतं. आमच्याकडं भोंगा नाही. बोटाचा ठसा घेणारं यंत्र आहे, अन् ते कधी कधी ठसा ओळखत नाही. मग त्या दिवसाचा पगार कोणाकडं मागायचा, हे ह्या लेखकाला ठाऊकच नाही.’’

काकांनी खिशातून हात काढला आणि अंगठा व तर्जनी ह्यांत काही धरल्यासारखे करून सांगितले, की छिद्राचा व्यास तपासायचा गेज दोन टोकांचा असतो. ‘गो’ टोक छिद्रात गेलेच पाहिजे. ‘नो-गो’ टोक जाताच कामा नये. दोन्ही टोके गेली तर समजायचे, भोक मोठे झाले आहे. ‘‘ह्या कादंबरीत सगळंच जातं,’’ ते म्हणाले. ‘‘मुंबईची गिरणी जाते, कोळशाची खाण जाते, चाकणही जातं. जी गोष्ट कुठेही बसते, ती कुठलीच नसते.’’ मग नियमाप्रमाणे त्यांनी ‘धावता धोटा’ सुचवला.

तरुणाने मोबाइलवर ते नाव टिपून घेतले. आधीची नावेही तेथेच होती. ती वरखाली पाहून तो म्हणाला, ‘‘सगळ्यांत नवं पुस्तक माझ्या वडिलांपेक्षा जुनं आहे.’’ कोणी हसले, कोणी हसले नाही.

३

तरुणाच्या ह्या वाक्याला दोन उत्तरे देता येतात. पहिले उत्तर सोपे आहे: काळाच्या चाळणीतून जे उरते तेच सुचवावे, आणि चाळणीला वेळ लागतो. हे उत्तर खोटे नाही. पण ते तरुणाच्या प्रश्नाला लागू पडत नाही. त्याने चांगल्या पुस्तकाची मागणी केलीच नव्हती. एका विशिष्ट पुस्तकाने आपल्याला का निराश केले, हे त्याने सांगितले होते. दुसऱ्या उत्तरासाठी निराशेचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात.

हान्स रॉबर्ट याउस ह्यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टन्झ येथे दिलेल्या व्याख्यानात ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. वाचक कोऱ्या मनाने पुस्तकाकडे येत नाही. आधी वाचलेल्या कृतींनी, वाङ्मयप्रकारांच्या परिचयाने आणि जगण्याच्या अनुभवाने त्याच्या अपेक्षांचे एक क्षितिज घडलेले असते. जी कृती ते क्षितिज हलवते, तिचे वाङ्मयीन मोल याउस अधिक मानतात. कार्ल पॉपरचा आधार घेऊन ते सांगतात, की अपेक्षाभंगाचा अनुभव हा आंधळ्याला लागलेल्या ठेचेसारखा असतो. ठेच लागते तेव्हाच अडथळ्याचे अस्तित्व कळते. ह्या दृष्टीने निराशा ही ज्ञानाची सुरुवात आहे. ‘कोसला’ने तिच्या पहिल्या वाचकांपैकी अनेकांना असेच निराश केले असणार, कादंबरीत जे घडावे असे त्यांना वाटत होते ते तीत घडत नव्हते, आणि जे घडत होते त्याला कादंबरी म्हणावे की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

भोंग्याच्या कादंबरीने मात्र तरुणाचे क्षितिज हलवले नव्हते. तिने कोणाचीच अपेक्षा मोडली नव्हती. उलट कारखाना म्हटल्यावर बाहेरच्या वाचकाला जे अपेक्षित असते ते सर्व तिने क्रमाने पुरवले होते. अडचण अशी, की ज्याच्या जगण्याविषयी ती बोलत होती तोच वाचक तिच्या हिशेबात नव्हता. तो हे पुस्तक उघडील, पानावर बोट ठेवील आणि ‘हे असे नसते’ म्हणेल, ही शक्यता लेखकाने गृहीतच धरली नव्हती. पहिल्या प्रकारच्या निराशेला अपेक्षाभंग म्हणता येईल. दुसऱ्या प्रकाराला विश्वासभंग म्हणणे अधिक योग्य. पहिला वाचकाला बदलू शकतो. दुसरा वाचकाला एवढेच शिकवतो, की साहित्य ही आपल्याविषयी दुसऱ्यांनी दुसऱ्यांसाठी केलेली गोष्ट आहे.

ह्या दुसऱ्या निराशेवर अभिजात पुस्तकाची शिफारस हा उपाय म्हणून पुढे केली जाते तेव्हा घोटाळा होतो. विश्वास मोडलेल्या वाचकाला आपण सांगतो, की तुझी रुची अजून घडायची आहे. आधी हे वाच. जणू दोष त्याच्या क्षितिजात होता. राजवाडे युरोपीय कादंबरीचे माप लावत होते तेव्हा त्यांचा रोख लेखकांवर होता. बाकावरच्या शिफारशीचा रोख, नकळत, वाचकावर जातो.

४

‘अभिजात’ ह्या शब्दाचीही थोडी चौकशी करणे येथे भाग आहे. मराठी समीक्षेने युरोपीय ‘क्लासिक’ला हा प्रतिशब्द दिला आणि तो रूढ झाला. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघर गेला; त्याच्या पोटातला कुळाचा उल्लेख मात्र फारसा कोणाला टोचला नाही.

मूळ लॅटिन शब्दाची कुळकथा तर अधिकच बोलकी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला रोमन लेखक औलुस गेलियुस ह्याने एका व्याकरणविषयक संभाषणाची नोंद केली आहे. प्रश्न क्षुल्लक होता: ‘वाळू’ हा शब्द अनेकवचनी वापरावा काय, आणि चार घोड्यांच्या रथासाठीचा शब्द एकवचनी चालेल काय? त्यावर फ्राँटो असा सल्ला देतो, की जुन्या वक्त्यांत किंवा कवींत ह्या रूपांना आधार शोधा. पण लेखक ‘क्लासिकुस’ हवा, ‘प्रोलेतारियुस’ नको. ‘क्लासिकुस’ म्हणजे रोमच्या मालमत्ता-गणनेतील पहिल्या वर्गाचा करदाता. ‘प्रोलेतारियुस’ म्हणजे ज्याच्यापाशी राज्याला देण्यासारखे संततीशिवाय काहीच नाही, असा माणूस. लेखकाची प्रतवारी करण्यासाठी करदात्यांची प्रतवारी वापरली गेली, आणि रथ ह्या शब्दाचे वचन ठरवण्याचा अधिकार रथ घडवणाऱ्याला नाही, हे त्याच वाक्यात ठरून गेले. युरोपच्या समीक्षेने पुढे ‘क्लासिक’चे इतर अर्थ घडवले. टी. एस. एलियट ह्यांनी १९४४ मध्ये व्हर्जिलवर बोलताना अभिजाततेची कसोटी म्हणून प्रगल्भतेचा आग्रह धरला. मनाची, रीतिभातींची आणि भाषेची प्रगल्भता. कसोटी उदात्त आहे. परंतु कोणाच्या रीतिभाती प्रगल्भ, हे ठरवणारा वर्ग गेलियुसच्या वर्गापासून फार दूर गेलेला नाही.

पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला ह्या वादात प्रतिवादी शोधण्यासाठी रोमला जावे लागत नाही. ह्या नगराच्या उत्तरेकडून इंद्रायणी वाहते. तिच्या काठी एकीकडे देहू आणि दुसरीकडे आळंदी. मराठीतला जो कवी आज निर्विवाद अभिजात मानला जातो तो सतराव्या शतकात देहू गावात दुकानदारी करणाऱ्या घरात जन्मला, आणि त्याच्या लेखनाला झालेला विरोध हा त्याच्या अनधिकारावर, म्हणजे कुळावर, बोट ठेवणारा होता. परंपरा सांगते, की त्याच्या वह्या इंद्रायणीत टाकाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा आशय राहतो. ही कविता कुळामुळे टिकली नाही. ज्यांच्या तोंडी ती होती त्यांनी तिला तारले. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीला मुक्कामाला येते. कारखान्यांच्या भिंतींच्या कडेने ती जाते तेव्हा पाळी सुटलेले लोक तेच अभंग म्हणतात, आणि ते म्हणताना कोणी त्यांना रुची घडवण्यास सांगितलेले नसते. २०१६ च्या जानेवारीत पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या संमेलननगरीला ज्ञानोबा-तुकारामांचेच नाव दिले गेले होते.

तेव्हा अभिजाताची एक निराळी व्याख्या ह्या पट्ट्यात बसून करता येते. ज्या वाचकाला गृहीत धरून कृती लिहिलेली नाही, त्या वाचकाने आपल्या जगण्याचे माप लावून पाहिले, तरी जिचे ‘गो’ टोक जाते आणि ‘नो-गो’ टोक अडते, ती अभिजात. तिच्यात शिरता येते. पण तिच्यात काहीही बसवता येत नाही. ही कसोटी वाचकाची परीक्षा घेत नाही, कृतीची घेते. आणि ती एकदाच होत नाही. नवा वाचक आला, की नव्याने होते.

५

ह्या कसोटीचा प्रत्यय बैठकीला आला तो उद्धव शेळके ह्यांच्या ‘धग’मुळे (१९६०). परिचारिकाबाईंनी ती तरुणाला दिली. नियमाप्रमाणे नव्हे, कारण त्या दिवशी कोणी कशाला नावे ठेवली नव्हती. त्यांनी फक्त विचारले, ‘‘तुमच्याकडं बायका कसं बोलतात रे?’’ आणि पुस्तक हातात ठेवले. तीन आठवडे तो आला नाही. आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जागरण होते.

‘धग’ ही कष्टांनी पिचलेल्या एका शिंपी कुटुंबाची कथा. घर सावरण्यासाठी झगडणारी कौतिक आणि तिची वऱ्हाडी बोली. तिच्यात कारखाना नाही, चाकण नाही, बोटाचा ठसा घेणारे यंत्र असण्याचा प्रश्नच नाही. तरुण म्हणाला, की पहिली दहा पाने त्याने मनात वाचली. नंतर खोलीतले इतर तिघे झोपलेले पाहून, ओठ हलवत वाचली. कौतिक बोलू लागली, की आईचा आवाज येत होता. ‘‘मावशी, आई मला फोनवर जे सांगत नाही ते ह्यात आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मी ठेकेदाराचे पैसे अडकले, की घरी सांगत नाही. ती पण तिकडचं सांगत नाही. दोघं पण ‘बरं आहे’ म्हणतो.’’

शिक्षकांनी शेळक्यांच्या इतर लेखनाविषयी काही सांगितले. काका गप्प होते. उठताना ते तरुणाला म्हणाले, ‘‘आमची यादी तू नीट वाचलीस. पण ती अर्धीच आहे.’’

पुढच्या रविवारी त्यांनी एक जाड पुठ्ठ्याची, लांबट वही आणली. तिच्यात तपासणी-अहवालासारखे रकाने आखलेले होते: अनुक्रम, पुस्तक, दोष, निर्णय. निर्णय तीन प्रकारचे: पास, रीवर्क, नापास. नोंदी चाळीस-बेचाळीस वर्षांच्या होत्या. ‘पास’ फार थोडे. बैठकीत सुचवली जाणारी पुस्तके तीच. बाकीची वही नापासांची होती, आणि काकांनी ती आजवर कोणाला दाखवली नव्हती. दोषांच्या रकान्यातले अक्षर बारीक आणि सरळ होते. एका पुस्तकासमोर लिहिले होते: ‘नायक थकत नाही.’ दुसऱ्यासमोर: ‘तिसऱ्या पाळीनंतर माणूस एवढे लांब वाक्य बोलत नाही.’ आणखी एकासमोर: ‘युनियनचा पुढारी एकतर देव, नाहीतर चोर. मधला माणूस नाही.’ एका गाजलेल्या कादंबरीच्या नावासमोर फक्त ‘आईला नाव नाही’ एवढेच होते. एका ठिकाणी निर्णय खोडून पुन्हा लिहिला होता: आधी नापास, बारा वर्षांनी पास, आणि शेजारी ‘दोष माझा होता’.

शिक्षक बराच वेळ वही उलटत राहिले. मराठी कादंबरीवर त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले होते. नेमाड्यांनी मांडलेल्या तीन प्रवृत्ती, वास्तववाद, मनोविश्लेषण, ग्रामीण आणि दलित कादंबरी, हे सारे त्यांनी फळ्यावर लिहिले होते. पण एखाद्या वाचकाने चाळीस वर्षे आपल्या निराशेचा असा हिशेब ठेवला असेल, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याच टिपणात नव्हती. वाङ्मयाचा इतिहास हा पास झालेल्यांचा इतिहास असतो. नापासांचा रकाना वाचकांपाशी राहतो आणि त्यांच्याबरोबर जातो. काय नाकारले गेले हे कळते. कशासाठी नाकारले गेले हे कळत नाही, आणि म्हणून पुढचा लेखक पुन्हा तोच भोंगा वाजवतो.

तरुण शेवटच्या पानांपर्यंत पोचला. तेथे एका नोंदीत पुस्तकाच्या नावाचा रकाना कोरा होता. त्याखाली ‘हस्तलिखित, पृष्ठे ६३’. दोषाच्या रकान्यात: ‘निवेदक फाटकाबाहेर. प्रत्यक्षात फाटकाच्या आत.’ निर्णय: नापास.

त्याने वर पाहिले. काकांनी नजर टाळली नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कारखान्यात संप झाला होता. तेविसाव्या दिवशी, धाकट्या मुलीच्या उपचारांचे पैसे संपल्यावर, ते पहाटे बसमध्ये मान खाली घालून कामावर गेले होते. फाटकाबाहेर त्यांच्याच टूलरूममधली माणसे बसली होती. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी त्या दिवसांवर लिहायला घेतले. ड्रॉइंगप्रमाणे सर्व तपशील अचूक होते: मशीनचा क्रमांक, सतरंजीचा रंग, त्या पहाटेचे धुके. फक्त सांगणारा माणूस बाहेर, सतरंजीवर बसलेला होता. त्रेसष्टाव्या पानावर त्यांना स्वतःचाच गेज लागला. गॉर्की, वरेरकर, पाध्ये ह्यांची नावे ते बैठकीत घेत राहिले ती श्रद्धेनेच. पण त्या प्रत्येक शिफारशीच्या मागे ही एक न केलेली नोंद उभी होती. त्यांना जी कादंबरी वाचायची होती ती कोणी लिहिली नाही म्हणून ते निराश होते, हे अर्धसत्य होते. ती त्यांनी लिहायला घेतली होती, आणि नेमक्या त्या फाटकापाशी थांबवली होती.

परिचारिकाबाईंनी थर्मासमधला चहा कपांत ओतला. कोणी काही बोलले नाही. समजूत घालण्यासारखे ते प्रकरण नव्हते, आणि समजूत घातली असती तर काकांनी तीही नापास केली असती.

तरुणाने बोट रकान्यावरच ठेवले होते. ‘‘काका, हे रीवर्कला का नाही टाकलं?’’

‘‘रीवर्क केव्हा होतं?’’ काका म्हणाले. ‘‘माल जास्त राहिला असेल तर. जास्त कापला गेला तर भंगार.’’

‘‘पण इथं तर कापलंच नाही तुम्ही. फाटक आहे तसं आहे.’’

काकांनी वही त्याच्या हातून घेतली, ते पान पुन्हा वाचले, आणि मिटली नाही. तरुणाची दुसरी पाळी होती; कंपनीची बस भक्ती-शक्ती चौकातून सुटत असे आणि थांबत नसे. तो ‘धग’ परत द्यायला विसरला आणि कोणी मागितलीही नाही. नियमाप्रमाणे नापास केलेल्या पुस्तकाऐवजी काकांनी त्या सकाळी दुसऱ्या एखाद्या पुस्तकाचे नाव घ्यायला हवे होते. त्यांनी घेतले नाही. आणि शिक्षकांनी, ज्यांना नियमांची फार काळजी असे, ते लक्षात आणून दिले नाही.